टॅग मॅनेजरमध्ये ५४ टॅग, कुठले ठेवू आणि कुठले काढू?

आगळवाली_देवरुख

नमस्कार मंडळी. आमचा आमसूल, कोकम आगळ, फणसपोळीचा घरचा धंदा आहे, साइट वूकॉमर्सवर. आंब्याच्या पेट्यांचं बुकिंग सुरू व्हायच्या आत जाहिरातींचं नीट लावायचं म्हणून गूगल टॅग मॅनेजर (मोजणीचे आणि जाहिरातींचे कोडचे तुकडे, म्हणजे टॅग, साइटवर लावायचं साधन) उघडला, तर आत ५४ टॅग! आजवर तीन एजन्सी झाल्या, प्रत्येकीने आपले घातले. नावं अशी : 'टॅग ३', 'नवीन टेस्ट', 'काढू नये, विचारा'. कोणाला विचारायचं ते कुठेच नाही.

गेल्या आठवड्यात दुकानात ४१ ऑर्डरी आल्या, जीए४ (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४) मध्ये दिसतात ६८. जाहिरातीच्या खात्यातही आकडा फुगलेलाच. भाऊ म्हणतो, सगळं पुसून नव्याने लाव. मला धीर होत नाही. सुरुवात कुठून करू?

मापात_माप

ताई, पुसू नका. आधी अ‍ॅडमिनमध्ये जाऊन कंटेनर (तुमच्या सगळ्या टॅगांचा संच) एक्स्पोर्ट करून ठेवा. मग एका शीटमध्ये प्रत्येक टॅगपुढे तीनच गोष्टी लिहा : कुठे पाठवतो, कधी चालतो, आज तो आकडा कोण बघतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो टॅग पॉज करा, डिलीट नको. महिनाभर कोणी ओरडलं नाही की काढा. काही बिघडलंच तर जुनी आवृत्ती पुन्हा पब्लिश करता येते.

'यूए-' ने सुरू होणाऱ्या आयडीचे टॅग मात्र आजच काढा. साध्या खात्यांसाठी युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने (जीए४ च्या आधीची आवृत्ती) १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणंच थांबवलं. ते टॅग नुसते पान जड करतात.

आता ६८ चं. मला हा आकडा बोलका वाटतो, कारण त्याचे निम्मे होतात ३४. म्हणजे ३४ ऑर्डरी दोनदा मोजल्या गेल्या असाव्यात आणि ७ मुळीच नाहीत. दुहेरी मोजणी बहुतेक वेळा कंटेनरच्या बाहेरून येते : एखाद्या प्लगइनमधून किंवा थीमच्या हेडरमध्ये चिकटवलेल्या कोडमधून. नुसता टॅग मॅनेजर बघून ती सापडत नाही. एक खरी ऑर्डर टाका, ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पान बाहेर काय पाठवतं ते दाखवणारा) उघडा ठेवा आणि ऑर्डरनंतरच्या 'धन्यवाद' पानावर परचेस, म्हणजे खरेदीचा निरोप, किती वेळा जातो ते मोजा. दोनदा गेला तर दोन्हींतला ट्रान्झॅक्शन आयडी शेजारी शेजारी ठेवा. एकाच ग्राहकाकडून तोच आयडी दोनदा आला तर जीए४ दुसरा गाळतं. पण एक '१०४२' पाठवत असेल आणि दुसरा 'डब्ल्यूसी-१०४२', तर त्याच्या लेखी त्या दोन ऑर्डरी.

यात नुकसान अहवालाचं कमी, पैशाचं जास्त आहे. जाहिरातीची बोली याच आकड्यांवर शिकते. एका विक्रीच्या दोन दिसल्या की दुप्पट खर्चही परवडतोय असं वाटतं. जाहिरातीच्या खात्यात जीए४ मधून आणलेलं कन्व्हर्जन (विक्रीची नोंद) आणि थेट टॅगचं कन्व्हर्जन, दोन्ही प्रायमरी (बोलीसाठी धरलेली) नाहीत ना, तेही बघा.

यूपीआय_परतीचा_प्रवास

ते ७ बहुधा यूपीआयचे. ग्राहक मोबाइलवर पैसे भरायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, भरतो आणि तिथूनच फोन बाजूला ठेवतो. दुकानाला गेटवेकडून (पैसे घेणाऱ्या सेवेकडून) परस्पर निरोप मिळतो, ऑर्डर पक्की होते, पण 'धन्यवाद' पान उघडतच नाही, मग टॅग चालणार कसा? शिवाय गेटवेचं डोमेन जीए४ च्या नको असलेल्या रेफरलच्या (ग्राहक जिथून आला त्या साइटच्या) यादीत घाला. नाहीतर जाहिरातीतून आलेली विक्री गेटवेच्या नावावर पडते.

खाजगी_राहू_दे

आणखी एक बघाच. पेटी बुकिंगचा फॉर्म भरल्यावर पुढच्या पानाच्या पत्त्यात मोबाइल नंबर दिसतो का? दिसत असेल तर तो नंबर पान मोजणाऱ्या प्रत्येक टॅगबरोबर बाहेर जातोय. गूगलच्या नियमात हे बसत नाही, आणि आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. जीए४ मध्ये पत्त्यातला तो भाग झाकता येतो, पण त्याने बाकीचे टॅग थांबत नाहीत. फॉर्मच दुरुस्त करून घ्या.

कस्टम एचटीएमएलचे टॅगही एकेक वाचा. त्यांत कुठलीही स्क्रिप्ट असू शकते, आणि ती पैसे भरायच्या पानावरही चालते. जुन्या एजन्सींचा पब्लिश करायचा अधिकार अजून असेल तर तो आधी काढा.

आगळवाली_देवरुख

सगळ्यांचे मनापासून आभार. परचेस दोनदाच जात होता, एक प्लगइनमधून, एक टॅगमधून, आणि आयडी वेगळे! प्लगइनचं मोजणं बंद केलं. न मोजलेल्या ७ पैकी ६ यूपीआयच्या निघाल्या. फॉर्मचं काम वेब डिझायनरकडे दिलंय.

हेडरमध्ये गूगल ऑप्टिमाइझच्या नावाचा एक तुकडा सापडला, त्यात ४००० असा आकडा आहे. ठेवू का?

मापात_माप

काढा. ऑप्टिमाइझ (पानात बदल करून चाचणी घ्यायचं गूगलचं साधन) ३० सप्टेंबर २०२३ ला बंद झालं. चाचणीतला बदल लागेपर्यंत पान झाकून ठेवायला तो तुकडा असतो, आणि ४००० म्हणजे मिलिसेकंद. आता उत्तर द्यायला कोणी नसल्यामुळे तुमचं पान ४ सेकंदांपर्यंत कोरं राहू शकतं. काढल्यावर साध्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडून बघा.

आणि भावाला आजच सांगून ठेवा की पुढच्या आठवड्यात जीए४ मधल्या ऑर्डरी निम्म्यावर येतील, विक्री तेवढीच असली तरी.