जोसेफचा उंदराचा सापळा : प्रतीक की नुसतं सुताराचं सामान?

खडूफळा:
न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममधलं मेरोद ऑल्टरपीस (वेदीवर ठेवायचं धार्मिक चित्र), चित्रकार रॉबेर कांपँच्या वर्कशॉपचं, साधारण १४२७-३२. तीन पॅनेल. मधे देवदूत मेरीला येशू तिच्या पोटी येणार ही बातमी द्यायला आलाय, डावीकडे चित्रासाठी पैसे देणारे नवरा-बायको दाराशी गुडघे टेकून, उजवीकडे मेरीचा नवरा जोसेफ आपल्या सुतारकामात. बाकावर उंदराचा सापळा, दुसरा खिडकीबाहेर विक्रीला मांडल्यासारखा. १९४५ साली कला-इतिहासकार मेयर शापिरोने याचा धागा संत ऑगस्टीनशी जोडला, की क्रूस हा सैतानासाठी लावलेला सापळा आणि येशूचा मृत्यू हे आमिष. झालं, तेव्हापासून सगळे तेच घोकतायत. अहो सुताराकडे सापळा असणारच! रोजच्या वस्तूंमागे धार्मिक अर्थ दडलेला असतो, हे कला-इतिहासकार पॅनॉफ्स्कीचं ते छुपं प्रतीक एकदा डोक्यात बसलं की भिंतीवर टांगलेल्या भांड्यातपण धर्मशास्त्र दिसतं.

पाचोळा:
सुताराने स्टूल ठेवलं असतं की मग, सापळाच का? मुळात या प्रसंगात जोसेफ सहसा नसतोच, इथे त्याला अख्खं पॅनेल दिलंय. आणि मधल्या पॅनेलची गोल खिडकी झूम करून बघा, उन्हाच्या तिरिपेवरून बोटाएवढं बाळ खाली येतंय, खांद्यावर क्रूस घेऊन. म्हणजे क्रूस चित्रात उघड उघड आहे, शापिरोने तो बाहेरून आणलेला नाही.

खडूफळा:
बाळ मान्य. पण जोसेफ गिरमिटाने ज्या फळीला भोकं पाडतोय ती कशाची? कोणी म्हणतं पाय शेकायच्या पेटीचं झाकण, कोणी म्हणतं मासेमारीच्या आमिषाच्या डब्याचं. ज्याला जे हवं ते!

उंबरठा:
दोघंही सगळं एकाच डोक्यातून आलंय असं धरून चाललात. मधलं पॅनेल आधीचं, बाजूची नंतर जोडलेली, आणि डावीकडची बायको तर त्याहूनही मागाहून रंगवलीये. मला तर सापळ्यापेक्षा ती मेणबत्ती जास्त छळते. टेबल असं पुढे कललंय की वरचं सामान आत्ता घरंगळेल असं वाटतं आणि त्यावर मेणबत्ती नुकतीच विझलीये, वातीवरून धुराची बट अजून वर चाललीये, आणि मेरीला पत्ताच नाही, ती खाली बसून पुस्तकात गुंग.

पाचोळा:
म्हणजे मेणबत्ती प्रतीक आहे म्हणा की!

उंबरठा:
देवदूत आत आला, वारा आला, विझली. एवढंच पुरेसं आहे मला.

खडूफळा:
चला, एक मत आपल्या पारड्यात. फळीचं मात्र पाचोळांनी अजून सांगितलं नाही.