शिक्षकांची मानसिकता की शाळेची वीज?

खडूधारी : परवा इथे या फोरमवर एका पीएचडीवाल्या ताईंनी लिहिलं की, शाळांत डिजिटल साधनं पोचूनही फरक पडत नाही, कारण शिक्षकांची मानसिकता बदलत नाही. वा! पेरूत सरकारने खेड्यातल्या पोरांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला, गणित-भाषेत काही फरक नाही. तिथेही मास्तरांचीच मानसिकता का? आमच्याकडे लोकवर्गणीतून आणलेला प्रोजेक्टर आहे. वीज तोडलीय. संशोधक आले, 'प्रोजेक्टर आहे का'पुढे 'होय' लिहून चहा पिऊन गेले. 'चालतो का' हा रकानाच नव्हता.

तिरकसराव : पेरू कशाला? तसलेच लॅपटॉप २००७ मध्ये रायगडमधल्या कर्जत तालुक्यात खैराटच्या शाळेत आले होते. आता कोण नाव काढतं?

आकडेमोड : सोयीचं तेवढंच सांगू नका. दिल्लीत माइंडस्पार्कचा, म्हणजे मुलाच्या पातळीप्रमाणे शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची (गुण किती विखुरलेत ते मोजायचं माप) वाढ. सातवीतलं पोर तिसरीच्या पातळीवर असेल तर त्याला तिसरीचं गणित मिळायचं. हेही संशोधकांनीच दाखवलं ना?

खडूधारी : पण ते शाळा सुटल्यावर, माइंडस्पार्कच्या केंद्रात, आणि निम्मा वेळ छोट्या गटाला शिकवायला माणूस. तो माणूस आणि ती वीज आम्हाला द्या, मग बोलू.

रानजाई : विजेचं काढलंत म्हणून सांगते. सादिल, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचं अनुदान, वेळेवर येत नाही. आमच्या बाई दोन वर्षं स्वतःच्या पगारातून बिल भरत होत्या. बदली झाली, नवे सर म्हणाले, "माझ्या खिशातून नाही." महिन्याभरात वायरमन कनेक्शन कापून गेला.

कोकणी_गुरुजी : सादिल येतं हो! रंगरंगोटीत संपतं.

रानजाई : तुम्ही आमचं कॅशबुक पाहिलंय? नसेल तर गप्प बसा.

पीएचडीवाली : माझं एकच वाक्य उचललंत. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकलेय. मागच्या बाकावर बसून वर्ग बघितलेत. टॅब कपाटात, सीलसकट, आणि वीज चालू! त्याला काय म्हणायचं? असो. पुढच्या प्रश्नावलीत 'वीज आहे का' घालते. 'गुरुजी वर्गात आहेत का' हेही घालू?

खडूधारी : जरूर. खाली 'नसल्यास बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामावर की वरून आलेल्या ऑनलाइन माहितीच्या लिंक भरताहेत' असे दोन पर्यायही ठेवा. आणि सीलचं म्हणाल तर टॅब फुटला की वसुली आमच्या पगारातून होईल, असं बैठकीत बजावलं होतं. कोण उघडेल?

पीएचडीवाली : हे मला एकाही मुलाखतीत कुणी सांगितलं नाही.

तिरकसराव : शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख शेजारी बसले असतील. कोण सांगणार?

रानजाई : ते राहू द्या. ग्रामपंचायतीला येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतून शाळेवर सोलर कुणी बसवलाय का? आमचे ग्रामसेवक म्हणतात, नियमात बसत नाही.