भोवळीला पेसमेकर: लूट की इलाज?

लेक_नाशिकची: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘साध्या भोवळीला पेसमेकर म्हणजे शुद्ध लूट.’ वाचून डोकं तडकलं. माझे बाबा ६३ वर्षांचे. दोन वर्षांत पाच वेळा कोसळले. शेवटी मोरीच्या उंबऱ्यावर कपाळ फुटलं, नऊ टाके. छातीच्या कातडीखाली लूप रेकॉर्डर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं यंत्र, बसवला. चार महिन्यांनी परत पडले, तेव्हा आलेखात आठ सेकंद नुसती सरळ रेघ. ती पट्टी मी हातात धरली आहे. पेसमेकर बसवून दीड वर्ष झालं, एकदाही पडले नाहीत.

सातारकर: ती ‘लूट’ मीच लिहिली होती. एका बाबांवरून नियम ठरत नाही. २००३ च्या व्हीपीएस-२ नावाच्या अभ्यासात भोवळ येणाऱ्या शंभर जणांना पेसमेकर बसवले, निम्म्यांचे ठोका न देता नुसते नोंदीपुरते ठेवले. ठाम फरक दिसला नाही. माझी भाची २२ वर्षांची, रक्त बघून घेरी येते. तिलाही पेसमेकर सांगितला!

लेक_नाशिकची: भाचीला सांगितला ते चूकच. पण ठोका थांबतो का, हे रेकॉर्डरवर बघून ते शंभर निवडले नव्हते. २०१२ च्या इश्यू-३ अभ्यासात चाळिशीपुढचे, ठोका थांबलेला पकडलेले ७७ जण होते. दोन वर्षांत पेसमेकर बंद असलेल्यांत ५७ टक्के परत पडले, चालू असलेल्यांत २५.

सातारकर: म्हणजे चौघांतला एक पडलाच!

वॉर्डातली_सिस्टर: पडणारच. ठोका पेसमेकर देतो, पण रक्तवाहिन्या सैल पडून दाब कोसळला तर तो काय करणार? आणि भांडण बाजूला ठेवा, आधी पडलेल्याला उठवून बसवणं बंद करा! आडवं ठेवा, पाय उचला. परवा एसटी स्टँडवर चौघांनी एका मुलीला बखोटीला धरून उभं केलं, वर नाकाला कांदा. पोरगी पांढरीफटक.

कोकणस्थ_आजोबा: कांद्याने आमच्या घरात तीन पिढ्या शुद्धीवर आल्या आहेत.

वॉर्डातली_सिस्टर: आडवं पडल्यामुळे आल्या, आजोबा! डोक्याकडे रक्त परत गेलं. कांदा नसता तरी आल्या असत्या.

कोकणस्थ_आजोबा: आमच्या आईला वेड्यात काढू नका. तिने हाताने माणसं सावरली आहेत.

वॉर्डातली_सिस्टर: आईंबद्दल एक शब्द नाही. पण बसवू नका, एवढं ऐका.

कोकणस्थ_आजोबा: बसवत नव्हतोच. मांडीवर डोकं घ्यायचो.

वॉर्डातली_सिस्टर: मांडीवरही नको. जमिनीवर!

सातारकर: बरं. चाळिशीपुढचा, वारंवार पडणारा, आलेखात ठोका थांबलेला, तेवढ्यापुरती ‘लूट’ मागे घेतो. भाचीबद्दल हटणार नाही.

लेक_नाशिकची: हटू नका. डोळ्यांपुढे अंधारलं की पायावर पाय टाकून मांड्या घट्ट आवळायला शिकवा तिला. बाबांना तेवढा वेळच मिळायचा नाही.