फोटो-शोसाठी मॉडेल घोडा: जात, फोटो, टेंट पेगिंग आणि वाकलेला पाय

रिकीब
नमस्कार मंडळी. पुण्यातून परदेशी ऑनलाइन फोटो-शोमध्ये (मॉडेल घोड्यांच्या फोटोंवरून गुण देणाऱ्या स्पर्धेत) ब्रेयर कंपनीचे ट्रॅडिशनल आकाराचे (खऱ्याच्या एक-नवमांश, १:९) प्लॅस्टिकचे घोडे उतरवायचे आहेत. चार शंका आहेत.
ओएफ (ओरिजिनल फिनिश, म्हणजे कारखान्याचाच रंग) हॉल्टरमध्ये, म्हणजे जात आणि बांधा बघणाऱ्या वर्गात, एक बे रंगाचा (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपटी) घोडा भीमथडी म्हणून दाखवता येईल का? परीक्षकांना ही जात बहुधा माहीत नसणार.
फोटोत डोकं मोठं आणि पुठ्ठे बारीक दिसतात, ते कशामुळे?
परफॉर्मन्समध्ये, म्हणजे सामान घालून खेळ मांडायच्या वर्गात, टेंट पेगिंग (घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणं) मांडायचं तर काय काय लागेल?
आणि एका घोड्याचा पुढचा पाय वाकल्यामुळे तो कलतो. यावर उपाय आहे का?

पंचकल्याणी
भीमथडी जरूर दाखवा. आपल्या भागातल्या घोड्याला त्या टेबलावर जागा मिळायलाच हवी. पण सोबत माहितीचं कार्ड हवंच. परीक्षक जात ओळखू शकला नाही तर तो तुमच्या घोड्याला खाली ढकलून ओळखीचा अरब वर घेईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. कार्डावर जातीचं नाव, दख्खनी हे दुसरं नाव, मूळ प्रदेश (भीमेचं खोरं), कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडची नोंद, बांधा, रंग, आणि खऱ्या घोड्याचे बाजूने काढलेले दोन फोटो टाका. पाच-सहा ओळींच्या पुढे जाऊ नका. परीक्षकाला एका वर्गात ढिगाने फोटो बघायचे असतात.

साचा, म्हणजे मॉडेलचा घाट, निवडताना जास्त विचार करा. भीमथडी म्हणजे लहान चणीचा, काटक, कडक पायांचा घोडा. लांब पायांचा थरोब्रेड किंवा जाड खुरांचा ओढकामाचा घोडा घेऊन वर भीमथडी लिहिलं तर कार्डच तुमच्या विरोधात जातं. टोकं आत वळून एकमेकांना टेकणारे कान असतील तर तो साचा मारवाडी किंवा काठियावाडीसाठी ठेवा. रंगाचंही तसंच: काठियावाडीत निव्वळ काळा चालत नाही, अरबावर लेपर्ड ठिपके (पांढऱ्या अंगावर गडद ठिपके) चालत नाहीत, थरोब्रेडवर टोबियानो (पांढरे मोठे पट्टे) चालत नाही. साच्यात नराचे अवयव कोरलेले असतील तर घोडी म्हणून नोंदवू नका.

ओएफमध्ये कारखान्याच्या रंगाला हात लावायचा नाही. कानाच्या टोकाचा घासलेला ठिपका रंगवलात तरी तो घोडा कस्टममध्ये (बदल केलेल्या घोड्यांच्या वर्गात) जातो.

अबलख
डोकं मोठं दिसतं कारण मोबाइल फार जवळ आहे. ट्रॅडिशनल घोडा साधारण ३० सेंमी लांब. ४० सेंमीवरून, थोडं तिरकस उभं राहून टिपलात की डोकं आणि शेपटी यांच्या अंतरातला फरकच फोटोभर पसरतो. दीड मीटर मागे या आणि २ किंवा ३ पट झूम वापरा. कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या उंचीवर ठेवा. वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात.

मागचं चित्र मॅट कागदावर छापा, फ्लेक्स चमकतं. ते घोड्याच्या मागे ४०-५० सेंमीवर लावा, म्हणजे सावली पडत नाही आणि ते किंचित धूसर होतं. चित्रातलं क्षितिज कॅमेऱ्याच्याच उंचीला आलं पाहिजे. हे चुकलं की घोडा उतारावर उभा वाटतो, आणि नेमकं काय खटकतंय ते पटकन सांगताही येत नाही. खाली वाळू पसरणार असाल तर मैद्याच्या चाळणीतून चाळून घ्या: १ मिमीचा कण म्हणजे खऱ्या घोड्याच्या पायाखाली ९ मिमीची खडी.

फ्लॅश नको, डोळ्यांवर आणि पुठ्ठ्यांवर पांढरे डाग येतात. पिवळ्या दिव्यात करडा घोडा डन (पिवळसर) दिसतो. जुलै-ऑगस्टमधलं पुण्याचं ढगाळ आकाश या कामाला उत्तम, गॅलरीत दुपारी काढा. आधी मऊ ब्रशने धूळ झटका. डोळ्याला न दिसणारी धूळ फोटोत दिसते. चारही खूर आणि दोन्ही कान चौकटीत हवेत.

खोगीर
पायाचं आधी. हे फक्त प्लॅस्टिकच्या घोड्यांसाठी, रेझिनला करू नका. पाणी ७०-८० अंशांवर आणा, उकळतं नको. फक्त वाकलेला पाय एक-दोन मिनिटं बुडवा, हलक्या हाताने सरळ करून किंचित पलीकडे न्या आणि तसाच धरून गार पाण्यात मिनिटभर ठेवा. एका दमात नाही झालं तर पुन्हा करा, जोर लावू नका. पाणी जास्त तापलं तर रंगाला फोड येतात, शिवण उकलते. रंग शाबूत राहिला तर घोडा ओएफच राहतो. पाय वाकतो तो उष्णतेने आणि वजनाने, म्हणून एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. लांबच्या मुक्कामाला आडवा, फोमवर ठेवा. हवाबंद डबा टाळा, या घोड्यांच्या प्लॅस्टिकला, म्हणजे सेल्युलोज ॲसिटेटला, हवा लागते.

आता टेंट पेगिंग. भाला उजव्या हातात, म्हणून खुंटी घोड्याच्या उजव्या बाजूला. दोन्ही लगाम डाव्या हातात. स्वाराची नजर खुंटीवर, रिकिबीत पाय नीट, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पोटाला चिकटलेला. ६ सेंमी रुंद खुंटी १:९ मध्ये ६.७ मिमी होते. सामानाचंही माप असंच काढा: १६ मिमीचा पट्टा म्हणजे १.८ मिमी. तासून अर्ध्या मिमीच्या आत आणलेलं चामडं घ्या, नाहीतर सगळं जाडजूड दिसतं. बारीक तार, कड्या, बकलं यासाठी रविवार पेठेत बोहरी आळी धुंडाळा. कडियाळं (लगामाचा तोंडातला धातूचा भाग) तोंडाशी मेणाच्या कणाने टेकवा आणि फोटो झाल्याबरोबर मेण काढा, राहिलं तर डाग पडतो. कार्डावर कोणता क्षण आहे ते लिहा: खुंटी उचलण्याआधीचा, की उचलल्यानंतरचा. उचलल्यानंतरचा असेल तर खुंटी भाल्याच्या टोकावर हवी आणि जमिनीत तिची खाच दिसली पाहिजे.

रिकीब
मनापासून आभार. माझ्याकडचा साचा दुडकीतला आहे. टेंट पेगिंगला चालेल?

खोगीर
नाही. खुंटी भरधाव घोड्यावरून उचलतात, त्यामुळे दुडकी दिसली की बाकी सगळं अचूक असूनही गुण जातात. चौखूर धावणारा साचा मिळेपर्यंत थांबा. तळाला पारदर्शक आधार असला तरी अडचण नाही. दुडकीवाला ड्रेसाजला (शिस्तबद्ध चालींच्या प्रकाराला) लावा. तिथे लगाम सैल लोंबू देऊ नका, हात ते कडियाळं रेघ सरळ हवी.