झाकणं भरडायला कुठलं मशीन घ्यावं? (सिंगल फेज, १० बाय १२ चं शेड)

झाकणवाली, माणिकबाग

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत आम्हा सात जणींचा बचत गट आहे. गट जुनाच, पण गेल्या वर्षी पापड-कुरडयांना रामराम ठोकला आणि पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांच्या मागे लागलो. झाकणं धुवायची, रंगाप्रमाणे वेगळी करायची, कातरायची, दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये पसरून जुन्या ओटीजीत मऊ करायची आणि क्लॅम्प आवळून त्याची फळी करायची. त्या फळीतून नावाच्या पाट्या, साबणदाण्या, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या. पाट्यांना मागणी आहे, पुणं आहे म्हटल्यावर असणारच.

घोडं अडलंय ते कातरण्यात. आम्ही ते सासूबाईंच्या पितळी मुठीच्या आडकित्त्यानं करतो. हसू नका. एका किलोत साधारण ४०० झाकणं बसतात आणि ती कातरायला सव्वा तास लागतो. मग दोन दिवस अंगठा दुखतो. मिक्सरवरही करून पाहिलं. कप्लर तुटला, भांड्याच्या तळाशी निळा थर बसला आणि ते भांडं आता कुंडी झालंय.

म्हणून मशीनची चौकशी केली. एका विक्रेत्यानं दोन दाखवली. एकाला तो 'ग्राइंडर' म्हणतो, ७२,००० रुपये. दुसरा 'श्रेडर', १,३५,०००. वर दोन्हीला १८ टक्के जीएसटी. मोटर दोन्हीला ३ एचपीचीच! मग दुप्पट पैसे कशाचे, असं विचारलं तर म्हणे, "मॅडम, तो हेवी ड्यूटी आहे." बरं, काय काय चालेल यात? "कुठलंही प्लास्टिक चालतं."

आमच्याकडे महिन्याला ३०-३५ किलो झाकणं जमतात. पुढे फुटक्या बादल्या, खुर्च्या, शाम्पूच्या बाटल्याही घ्याव्यात असं मनात आहे. दुधाच्या पिशव्या तर ढिगानं मिळतील. जागा वॉचमनच्या खोलीमागचं पत्र्याचं शेड. वीज सिंगल फेज. आणि शेडच्या बरोब्बर वर पहिल्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे चेअरमन राहतात.

जाणकारांनी सांगावं.

लेथवाला

ताई, आडकित्ता हाच तुमचा श्रेडर आहे. हळू, पण जोर लावून कापतो. आणि मिक्सर हा तुमचा ग्राइंडर. पैशाचा फरक तिथेच आहे.

भोसरीत तीस वर्षं वर्कशॉप चालवलं, म्हणून जरा लांबण लावतो. ३ एचपीची मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते आणि तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), असतो साधारण १५ न्यूटन मीटर. तिला २० ला १ चा गिअरबॉक्स लावला की फेरे होतात ७२ आणि पीळ कागदावर ३००. गिअरबॉक्स आपलं कमिशन खातो, वर्म प्रकारचा असेल तर बरंच खातो, तरी सव्वादोनशे कुठे जात नाही. हा झाला श्रेडर. ग्राइंडरला गिअरबॉक्स नसतो, पट्टा आणि पुली असते. रोटर, म्हणजे पाती बसवलेला दांडा, ६०० च्या आसपास फिरतो, पीळ जेमतेम ३५. बाकीचं काम त्याचं फ्लायव्हील, म्हणजे दांड्यावरचं जड चाक, झटक्यानं करतं. पण झटका तो झटकाच. पातळ आणि लहान तुकडा असेल तर तडतडत कापतो. जाड बादलीचा कडा आला की फ्लायव्हीलचा जोर एकदा संपतो, पट्टा ओरडतो आणि मोटर गपगार. म्हणजे तुमचे जास्तीचे पैसे जातात गिअरबॉक्सला आणि जाड पात्यांना. एचपी विचारू नका, शाफ्टचे फेरे विचारा.

घरघंटी असेल घरात तर जाळीचं सांगायला नको. इथेही खाली जाळी असते, भोक मोठं तर भरड जाडी. साच्यात मारायचं असेल तर ५-६ मिलिमीटरची भरड लागते. तुम्ही फळ्या करता, तुम्हाला १० ची घ्या. बारीक केलंत तर सगळे रंग एकमेकांत मिसळून राखाडी चिखल होईल. जाड भरडीत लाल लाल राहतो, पिवळा पिवळा.

पात्यांचं पोलाद विचारा. एचसीएचसी म्हणजेच डी-टू (पात्यांचं कडक पोलाद), हार्ड करून ५६-५८ एचआरसी (कडकपणाचं माप), असं उत्तर आलं तर ठीक. नुसतं "स्टीलचे आहेत मॅडम" आलं तर चहा पिऊन उठा. बेअरिंगही पाहा. ते चेंबरच्या भिंतीला चिकटलेलं नको. मध्ये बोटभर फट हवी, नाहीतर भुगा ग्रीसमध्ये जातो आणि वर्षात बेअरिंग कुरकुरायला लागतं.

सिंगल फेजवर ३ एचपी थेट चालू केली की चेअरमनसाहेबांचे दिवे मंद होतील. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग आवरणारं इलेक्ट्रॉनिक खोकं, लावा. सावकाश सुरू होते, आणि अडकली की बटणावर उलटी फिरवता येते. फक्त मोटर २२० व्होल्ट डेल्टा जोडणीची मागून घ्या, नेहमीची ४१५ वाली त्यावर जोर धरणार नाही.

पर्वती दर्शन

३० किलोसाठी दीड लाख? भंगारवाल्याला द्या आणि मोकळे व्हा.

नऱ्ह्याचा दाणेवाला

लेथवाले काकांशी सहमत, पण ग्राइंडरला अगदीच मिक्सर करून टाकलंत. मी दोन चालवतो, ७.५ आणि १० एचपी. मोल्डिंगवाल्यांचे रनर (साच्याच्या वाटेत उरलेल्या प्लास्टिकच्या काड्या) आणि रिजेक्ट माल भरडून परत देतो. झाकणासारख्या लहान मालाला ग्राइंडर उत्तमच. श्रेडरवर झाकणं नाचतात. पात्याच्या दातात सापडत नाहीत, वरच्यावर टणाटण उडत बसतात. हॉपर, म्हणजे माल टाकायचं वरचं तोंड, गच्च भरला की वजनानं खाली जातात, किंवा वरून दट्ट्या लागतो. हे तुम्हाला कुणी विकणारा सांगणार नाही.

ग्राइंडरची खोड दुसरी. माल आत असताना वीज गेली तर तो परत उचलत नाही. चेंबर उघडून सगळं हातानं उपसावं लागतं. आणि आवाज! शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. चेअरमन वर राहतात म्हणालात ना, मग विषयच संपला.

दुधाच्या पिशव्या विसरा. हळू फिरणाऱ्या शाफ्टला ती फिल्म शेवयांसारखी गुंडाळते आणि मग सुरीनं कापत बसायचं. मी एकदाच घेतल्या होत्या. शनिवार-रविवार त्यातच गेले.

आणखी एक. पंप असलेल्या झाकणात स्प्रिंग असते, खुर्चीत स्क्रू सापडतो, बादलीच्या कडीला तार असते. एक स्क्रू गेला की पात्याचा दात गेला. मालावरून स्पीकरचं जुनं लोहचुंबक फिरवा, स्टेनलेसची स्प्रिंग मात्र त्याला भरवशानं लागत नाही, ती डोळ्यांनीच शोधायची.

तसं पाहिलं तर तुमचा महिन्याचा माल माझ्याकडे तासाभराचा. पोती घेऊन या एखाद्या रविवारी, भरडून देतो. मशीन घ्यायची घाई कशाला?

झाकणवाली, माणिकबाग

सगळ्यांचे आभार. काका, घरघंटीमुळे जाळी एका झटक्यात कळली. पर्वतीकर, भंगारात द्यायचीच असती तर आडकित्ता कशाला झिजवला असता?

दाणेवाले भाऊ, रविवारी येतेच दोन पोती घेऊन.

ओला-सुका

मशीनमधलं मला कळत नाही, पण वर्गीकरणात माझी बारा वर्षं गेलीत, म्हणून दोन गोष्टी.

एक, सगळी झाकणं एकच प्लास्टिक नसतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण बहुतेकदा एचडीपीई, आतल्या बाजूला २ आकडा असतो. शाम्पूचं, सॉसच्या बाटलीचं उघडझाप झाकण बहुधा पीपी, आकडा ५. पाण्यात टाकून ओळखू म्हणाल तर दोन्ही तरंगतात, बाटलीचं पेट तेवढं बुडतं. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं, पीपीला १६० च्या वर जावं लागतं. एकत्र केलीत की फळी वरून छान दिसते आणि स्क्रू मारताना चिरते. तुमच्या पाट्या भोकापाशी तडकत असतील तर कारण हे असू शकतं. आणि आकडा ३ दिसला, म्हणजे पीव्हीसी, तर ते ओटीजीच्या जवळही नेऊ नका. तापल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं, घसा आणि ओटीजी दोन्ही जातील.

दुसरी गोष्ट जरा नाजूक. ही झाकणं येतात कुठून? सोसायटीचा सुका कचरा उचलायला येणाऱ्या ताईंच्या पिशवीतून काढून घेत असाल तर तो त्यांच्या पोटाचा माल आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून याच हक्कासाठी उभी आहे आणि 'स्वच्छ' संस्था त्यातूनच आली. सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे ही त्यांची कमाई असते. झाकणं त्यांच्याकडून विकत घ्या, भंगारवाल्यापेक्षा दोन रुपये जास्त देऊन. वेगळी करूनच आणून देतील, तुमचाही वेळ वाचेल.

आणि काम वाढलं तर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. मशीन घेण्याआधी तिथे विचारून या.

झाकणवाली, माणिकबाग

ओला-सुका, मान खाली घालून सांगते, आम्ही पिशवीतूनच काढत होतो. डोक्यातच आलं नव्हतं. परवा ताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्या मुलांच्या शाळेला लागतात." आता किलोवर घेतो.

आणि पाट्या तडकायच्या त्या भोकापाशीच. तुम्हाला कसं कळलं?

झाकणवाली, माणिकबाग

सव्वा महिन्यानं परत आले. धागा वर काढल्याबद्दल माफी.

नऱ्ह्याला जाऊन आले. भाऊंनी २८ किलो झाकणं ५० मिनिटांत भरडून दिली, पैसे घेतले नाहीत, वर कटिंग चहा पाजला. आवाजाचं म्हणाल तर ते कमीच बोलले होते. घरी येऊन पिवळ्या भरडीची फळी काढली आणि बघते तर हळदीत मोहरी पडावी तसे काळे ठिपके. भाऊंनी आमच्या आधी गाड्यांचे काळे पार्ट भरडले होते. त्यांनी चेंबर उघडून ब्रशनं साफ केलेलं मी स्वतः पाहिलं होतं, तरी जाळीच्या भोकांत आणि पात्याच्या बोल्टांमागे राहतंच. त्यांचा दोष नाही, काळ्यात काळं कुणाला दिसतंय? पण आमचं सगळं रंगावर चालतं. तेव्हाच ठरलं की मशीन स्वतःचं हवं, आणि ते उघडून साफ करणं आम्हा बायकांना पान्याशिवाय जमायला हवं.

मग भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. आधी गुरुवारी निघालो होतो, वाटेत आठवलं की भोसरी गुरुवारी बंद. शुक्रवारी गेलो. आमचाच माल नेला, झाकणं, एक फुटकी बादली, खुर्चीचा पाय. मालक म्हणाले, "माझ्याकडे सॅम्पल आहे की." म्हटलं, तुमचं सॅम्पल तुमच्या मशीनचं ऐकतं, आमचं ऐकतंय का ते बघायचंय.

बादली अशी गेली की बघत राहावं. भाकरी मोडावी तसा कडा आत ओढला, कडकड दोन आवाज आणि खाली तुकडे. झाकणं मात्र नाचली. तस्सेच, भाऊ! पाच किलोला ३५ मिनिटं लागली. मग त्यांच्या पोरानं लाकडी दट्ट्या आणला, वरून दाबला आणि दुसऱ्या खेपेला २० मिनिटांत झालं. मी हॉपरमध्ये हात घालून पाहिला, मशीन बंद आणि प्लग काढलेला, तर बोटं पात्याला टेकली. म्हटलं, असं चालणार नाही, आमच्यात एकीचा हात माझ्याहून लांब आहे. हॉपर फूटभर उंच करून, वर झाकण आणि झाकण उघडलं की बंद पडणारा स्विच, एवढं त्यांनी ६,००० रुपयांत मान्य केलं. हॉपर बिजागरीवर आडवा होतो आणि जाळी दोन फुलपाखरू नटांवर निघते, म्हणून तेच घेतलं. २ एचपी, ७० फेरे, १० ची जाळी, व्हीएफडीसकट १,१८,००० अधिक जीएसटी. चार जणींनी गटाच्या शिल्लकेतून नको म्हटलं होतं. बादली पाहून तीन गप्प झाल्या, चौथी अजून बोलत नाहीये.

मशीन मंगळवारी आलं. चेअरमन खाली येऊन पाच मिनिटं कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाण्याच्या पंपापेक्षा कमी आहे." एवढंच बोलले, पण ते आम्ही मिनिट्समध्ये लिहून घेतलंय.

भरड धुतलेलं पाणी जुन्या पातळाच्या दोन घड्यांतून गाळतो, मगच मोरीत सोडतो. वर केवढा भुगा राहतो ते पाहिल्यावर आधीचं आठवून कसंतरीच झालं.

आडकित्ता घासूनपुसून सासूबाईंना परत दिला. त्यांनी एक सुपारी धरली, दाबली, परत दाबली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याची धार कुणी खाल्ली?"

लेथवाले काका, आडकित्त्याला धार लावून मिळते का हो भोसरीत?

लेथवाला

मिळते. गुरुवार सोडून या.