मदत हवी आहे : पकड लवकर सुटते, फोरआर्मसाठी काय करू?

मंडळी, वय ३८, राहायला दादरला. वर्षभरापासून सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत प्रस्तरारोहण शिकतोय. पाय साथ देतात, दमही टिकतो. पण थोडं वर गेलं की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात (फोरआर्म) दगडासारखा ताठरतो आणि बोटं आपोआप उघडतात. खाली खोल दरी असताना हे फार घाबरवणारं आहे.

बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून फोरआर्मच्या आतल्या बाजूला असतात आणि त्यांचे कंडरे (टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे) मनगटातून बोटांपर्यंत जातात, हे कळल्यावर मी तिथेच जोर लावला. रोज ५ किलोच्या डंबेलने रिस्ट कर्ल (तळहात वर ठेवून मनगट वाकवत वजन उचलणं), मैदानातल्या सिंगल बारला २५ सेकंद लटकणं, घरी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या. महिन्याभरात पकड सुधारली, हे खरं.

पण आता उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. चहाचं पातेलं उचलतानाही कळ येते. मनगट वर उचलणारे स्नायू त्याच बाजूला जोडलेले असतात आणि त्यांच्याकडे मी लक्षच दिलं नाही, असं वाटतं. शिवाय कंडरे स्नायूंपेक्षा हळू बळकट होतात, तरी मी एकही दिवस विश्रांती घेतली नाही.

रिव्हर्स कर्ल (तळहात खाली ठेवून वजन उचलणं) किती वजनाने सुरू करावेत? आठवड्यातून किती दिवस? दुखणं थांबेपर्यंत लटकणं बंदच ठेवू का? दोरीचा मल्लखांब करणारं कुणी इथे असेल तर पकडीचा सराव कसा वाढवत नेता, तेही सांगा. दादर-माहीम भागातला खेळाडूंना तपासणारा चांगला फिजिओथेरपिस्टही सुचवा.