शब्द बदलले की कौल बदलतो

नैतिक बाबतीत मनाचा पहिला कौलच खरा, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना ६०० जणांच्या जिवावर उठलेल्या एका काल्पनिक साथीचा प्रश्न विचारला होता. '२०० नक्की वाचतील' म्हटल्यावर ७२ टक्के लोकांनी तो खात्रीचा उपाय निवडला. तोच उपाय '४०० नक्की मरतील' असा मांडला, तर दुसऱ्या गटातले जेमतेम २२ टक्के त्याच्या बाजूने! (दुसरा पर्याय दोन्हीकडे जोखमीचाच होता.)

म्हणून कुणाला दोष देण्याआधी मी तीच हकीकत उलट्या शब्दांत स्वतःला सांगून बघते. परवा बहिणीवर चिडले होते, 'तिने आईपासून रिपोर्ट लपवला' म्हणून. 'आईला एक रात्र शांत झोपू दिलं' असं म्हणून पाहिलं आणि राग निम्मा उतरला. यातलं कुठलं वाक्य खरं, ते अजून ठरत नाहीये.